हे बरं की हे?

माणसाच्या काळजातली बारीकशी हालचालही भाषेने नेमक्या शब्दात पकडून ठेवली आहे, असं कोशकार आयुष्यभर व्याख्यानांतून ठणकावून सांगत आले होते. आज मात्र ते चष्म्याच्या दुकानातल्या खुर्चीत, नाकावर तपासणीची जड फ्रेम चढवून बसले होते आणि त्यांना एक शब्द सापडत नव्हता.

दुकानाच्या मालकीणबाई पुढच्या आठवड्यात दुकान विकून भावाच्या गावी कायमच्या निघाल्या होत्या. त्यांनी जाऊ नये, एवढंच कोशकारांना सांगायचं होतं. विधुर बापाचं हे गुपित लेकीने कधीच ओळखलं होतं. सकाळीच तिने फोनवर बजावलं होतं, "बाबा, सरळ बोला. व्याख्यान झोडू नका."

"हे बरं की हे?" बाईंनी काच बदलत विचारलं.

"बाई, मला तुम्ही पसंत..." कोशकार अडखळले. पसंत तर माणूस पडद्याचं कापडही करतो. "पसंत हा शब्द मुळात फारसी."

"मी काचेचं विचारतेय."

"दोन्ही सारख्याच. आता 'हौस' घ्या. मूळ शब्द 'हवस'. भलताच धगधगीत. आपण त्याला पाणी घालून घालून मवाळ केलं."

बाईंनी स्वतःच्या चष्म्यावरून त्यांच्याकडे पाहिलं. "हवस? या वयात?"

"तो रद्द," कोशकार घाईने म्हणाले. त्यांचे कान तापले होते. "लळा म्हणावं, तर तो वासरांना लागतो. जिव्हाळा निरोपसमारंभांत इतका वापरलाय, की त्याला शिळ्या फुलांचा वास येतो."

"तुमचा नंबर वर्षभरात तसूभर हललेला नाही. तरी दर महिन्याला डोळे दाखवायला येता. डोळ्यांचा धंदा करते मी, आंधळी नाही."

"मग बोलला का नाहीत?"

"म्हटलं, एवढे शब्द पोटात आहेत, एखादा तरी बाहेर पडेल. वाट बघून बघून दुकान विकायला काढलं."

कोशकारांनी फ्रेम उतरवली. भिंतीवरची अक्षरं पुसट झाली, बाईही पुसट झाल्या आणि बोलणं जरा सोपं झालं.

"तुम्ही गेलात तर मला करमणार नाही."

हा शब्द त्यांनी कुठे शोधला नव्हता, आपणहून आला होता. पण जित्याची खोड. "आता हा 'करमणे' शब्द कुठून आला, तर..."

"त्याला हात लावू नका," बाई म्हणाल्या. "आहे तसाच राहू दे."

त्या एकच काच बराच वेळ पुसत राहिल्या. "मला तरी तिथे कुठे करमणार होतं? भावाच्या घरी सगळे टीव्हीला चिकटलेले. कळवते त्याला, येत नाही म्हणून. दुकानही राहू दे."

साऱ्या शब्दसृष्टीने आता उभं राहून आपल्याला मानवंदना द्यावी, असं कोशकारांना वाटलं. ते छाती भरून श्वास घेत टेबलावर रेलले.

"एक सांगू?" बाई हळूच म्हणाल्या.

"सांगा ना."

"कोपर तेवढं उचला. माझ्या जेवणाच्या डब्यावर ठेवलंय."