होळीच्या आठवड्यातली सुनावणी

अल्पवयीन मुलाच्या खटल्याची बातमी करणं म्हणजे लग्नाला जाऊन मांडवाबाहेर उभं राहणं. सुनावणी बंद दाराआड. नाव छापायचं नाही, गाव छापायचं नाही, फोटो तर नाहीच नाही. संपादक विचारतात, "मग लिहिणार काय?" मी म्हणते, "चार ओळी."

त्या दिवशीही मी नंदुरबारला बाल न्याय मंडळाच्या आवारात चार ओळींसाठीच बसले होते. पोरगा धडगावच्या वरच्या पाड्यातला, लोणखेड्याला अकरावीत शिकणारा. सुट्टीत म्हसावदकडे ऊसतोडीला गेला, आणि त्याच शिवारात एका रखवालदाराचा खून झाला. गावातली पोरं सगळ्यांच्या ओळखीची. संशय परक्या पोरावर आला. महिनाभर तो निरीक्षणगृहात होता. मग खरा खुनी सापडला, पोलिसांनी तसं मंडळाला लिहून दिलं, आणि आज पोराला सोडतात का एवढंच ठरायचं होतं. त्याचं नाव मी तेव्हा छापलं नाही, इथंही सांगणार नाही; बाकीची नावं-गावंही बदलली आहेत.

आवारातल्या लिंबाखाली माझ्याजवळ दहा-बारा बावा बसले होते. सातपुड्यात होळीला नवस बोललेले पुरुष बावा होतात: उघड्या अंगाला आणि तोंडाला राख, तिच्यावर पांढरे ठिपके, डोक्यावर मोरपिसांचा टोप, कमरेला घुंगरं आणि वाळलेले भोपळे. ही पालनी चालू असताना अंघोळ नाही, खाट नाही, मांस-मटण नाही, आणि बाईचा हातसुद्धा लागू द्यायचा नाही. गावोगावची होळी वेगवेगळ्या रात्री पेटते; हे सगळे आदल्या रात्रीची होळी नाचून थेट जीपने इथं आले होते. शिपायाने त्यांना आत घेतलं नाही, कारण एकाने मांडी बदलली तरी वऱ्हाड आल्यासारखा आवाज व्हायचा.

त्यांचा म्होरक्या भीमसिंग, पोराचा मामा. पन्नाशीचा, पोट सुटलेला, मिशा अशा की राखेलाही झाकता येईनात.

पोराची आई दिवलीबाई मात्र बसत नव्हती. दारापाशी जाई, परत येई. शहाद्याकडे केळीच्या मळ्यांत कामं करून ती आमच्यासारखीच अहिराणी बोलते.

"आक्का, तो गेटवरला कोण शे?" तिने विचारलं.

गेटबाहेर भूपेंद्र उभा होता. त्याचं स्वतःचं चॅनल आहे, म्हणजे एक मोबाईल, एक माईक आणि भरपूर आवाज. मी उठून त्याच्याकडे गेले.

"भूपेंद्र भाऊ, पोऱ्याना चेहरा दखाडाना नही. कायदा शे."

"धूसर करसू ना आक्का!"

"लाईव्हमा काय धूसर करशी रे?"

तो हसला. "तुम्हना पेपर सकाय ईन. तोवर मन्हा चॅनलवर आखा जिल्हा देखी लेस." आणि माईक तोंडाशी धरून सुरू झाला, "थोड्याच वेळात आपण पाहणार आहोत, कोण आहे तो अल्पवयीन..."

दिवलीबाईने ते ऐकलं. तिचा चेहरा उतरला. "कोर्ट सोडी दीन, पण मोबाईल सोडाव नही," ती म्हणाली. "कॉलेजमा मन्हा पोऱ्याजवळ बाकवर कोण बसई?"

तेवढ्यात पोराच्या वकीलबाई दारात आल्या आणि दोन्ही हात वर केले. सुटला! लिंबाखाली घुंगरांचा एकच कल्लोळ झाला. मागून पोरगा आला, वाळलेला, शर्टाची वरची गुंडी लावलेला. दिवलीबाई हात पसरून धावली.

"थांब!" भीमसिंग मध्ये आला. "बाहेर जायला एकच गेट आहे, आणि गेटवर तो आहे. याला बावा करू."

बाकीचे कुजबुजले. ज्याने पालनी पाळली नाही त्याला बावा कसा करणार?

"महिनाभर खाटेवर निजला नाही, कोंबडीचं तोंड बघितलं नाही, बाईमाणूस बघितलं तर ते फक्त वकीलबाई," भीमसिंग म्हणाला. "याच्याएवढी पालनी तुमच्यापैकी कोणी पाळली, सांगा!"

सगळे खदाखदा हसले. मग भीमसिंग बहिणीकडे वळला आणि त्याचा आवाज उतरला. "पण एकदा राख लागली, की होळी संपेपर्यंत तू याला हात लावायचा नाही. अजून दोन गावच्या होळ्या आहेत."

महिनाभर वाट पाहिलेली बाई. पोरगा हातभर अंतरावर. तिचे हात तसेच पसरलेले.

तिने ते हळूच खाली घेतले. "लाव राख," ती म्हणाली. "कान बी सोडू नको."

मग काय! कोणी टोप दिला, कोणी भोपळे, कोणी पिशवीतली राख. बघता बघता पोरगा दिसेनासा झाला. उरला एक बारीक बावा, दात काढून हसणारा. आणि घुंगरं घुमवत अख्खी फौज गेटकडे निघाली.

भूपेंद्र गांगरला. सगळेच राखेचे! पण तो जुना पत्रकार. त्याचा एक नियम आहे: जो तोंड लपवतो तो आरोपी. आता यांच्यात तोंड लपवणारा एकच होता, भीमसिंग. ज्याच्याकडे केळी भरायच्या कामाला होता त्या शेठला तो 'फार ताप आहे' असं सांगून आला होता, आणि कॅमेरा दिसताच त्याने दोन्ही तळव्यांनी मिशा झाकल्या.

"हाच! हाच तो अल्पवयीन!" भूपेंद्र त्याच्यामागे धावला. भीमसिंग पळाला, पोट हलतंय, भोपळे आपटतायत. बारीक बावा भूपेंद्रच्या पाठीमागून नाचत जीपमध्ये जाऊन बसला.

मी मोबाईलवर लाईव्ह लावलं. खाली कोणीतरी लिहिलं होतं, 'पोरगं वयाच्या मानानं थोराड दिसतंय.' त्याच्याखाली शेठ: 'भीमसिंग, ताप उतरला का रे?'

मी दिवलीबाईला वाचून दाखवलं. ती हसली, इतकी हसली की गेटच्या खांबाला धरून उभी राहिली. हसता हसता डोळे भरले. जीपमधून तिचा लेक हाका मारत होता आणि तिला त्याच्या अंगाला हातही लावता येत नव्हता. एकाएकी तिने मलाच धरलं आणि असं कवटाळलं की माझा चष्मा वाकडा झाला.

"अवो बाई, मी काय तुन्हा पोऱ्या शे का?"

"नही ना," ती माझ्या खांद्यात म्हणाली. "पण तुन्हा आंगवर राख नही शे."

महिनाभराचं कवटाळणं होतं ते. ड्रायव्हरने दोनदा हॉर्न दिला. मी त्याला हातानेच थांब म्हटलं.