फरकाचं कारण

पितांबर मिस्तरीचा ओळंबा कधी खोटं बोलत नाही, असं पारोळ्याच्या आसपासच्या चार-सहा गावांत म्हणत. हे मुळात पितांबरनंच पसरवलं होतं, पण तीस वर्षं लोक मान डोलवत आले, म्हणजे त्यात काहीतरी तथ्य असणारच. अशा माणसाला त्याच्याच मुलीनं नववीत गेल्या गेल्या चकवलं, आणि तेही विषय निवडण्यावरून.

शाळेनं त्या वर्षी तीन ऐच्छिक विषय ठेवले होते: कॉम्प्युटर, इंजिनिअरिंग आणि बांधकाम. पितांबरनं सुलक्षणाला बजावून ठेवलं होतं की कॉम्प्युटर घ्यायचा. पंख्याखाली बसायचं, बोटं चालवायची, नखांत सिमेंट जायची भानगड नाही. सुलक्षणानं फॉर्मवर बांधकामापुढे खूण केली आणि सही घेताना नेमका त्याच ओळीवर अंगठा दाबून धरला. फॉर्म जमा झाल्यावर पितांबरला सगळं कळलं.

"मी तीस वरीस उनमा तपनू ते कसाले?" त्यानं विचारलं.

"आबा, तुम्ही सारा गावना घरं बांधात, माले एक भीत बी बांधू देतस नही," ती म्हणाली आणि भाकरी मोडायला लागली.

दोन दिवस अबोला चालला. तिसऱ्या दिवशी सारिका मॅडम घरी आल्या. त्या बांधकाम शिकवायच्या. धुळ्याला सिव्हिलचा डिप्लोमा केलेला, सगळी गणितं तोंडपाठ; पण थापी हातात धरली की माल भिंतीवर कमी आणि साडीवर जास्त, हे त्यांनीच हसत सांगितलं. शाळेला इन्व्हर्टरच्या बॅटऱ्या ठेवायला आठ बाय दहाची खोली हवी होती. नकाशा कॉम्प्युटरवाली मुलं काढणार, भिंती बांधकामवाली उभारणार आणि वायरिंग इंजिनिअरिंगवाली करणार होती. त्यावरच तिन्ही वर्गांची प्रात्यक्षिक परीक्षा होती. "आठवड्यातून दोन दिवस याल का, सर?" मॅडमनी विचारलं.

पितांबर चौथीत शाळा सोडून विटा वाहायला गेला होता. त्याला जन्मात कुणी सर म्हटलं नव्हतं. अबोला त्याच दारात संपला. पुढच्या शनिवारी तो इस्त्रीचा शर्ट घालून शाळेत हजर झाला, आणि मुलांशी बोलताना थेट पुस्तकातली मराठी काढू लागला, ती ऐकून सुलक्षणाला खाली बघून हसावं लागलं.

त्या दिवशी आखणी झाली. नकाशा संघमित्रा नावाच्या मुलीनं काढला होता. बोलायला कमी, पण तिची रेघ इकडची तिकडे होत नसे. मुलांनी खुंट्या ठोकल्या, खुंट्यांवर खिळे मारले, दोऱ्या ताणल्या आणि तीन-चार-पाच फुटांचा त्रिकोण धरून चारही कोपरे काटकोनात आणले. पितांबरनं नुसत्या डोळ्यांनी पाहिलं आणि पास केलं. सगळं चोख होतं. तेच त्याला सलत होतं.

त्याच्या हातून आजवर असली चोख खोली झालीच नव्हती. त्याच्या गुरूनं त्याला शिकवलं होतं की खोली गायमुखी हवी. दाराकडे अरुंद, मागे दोन बोटं रुंद. म्हणजे आलेली बरकत आत टिकते. मालक विचारो न विचारो, पितांबर ती दोन बोटं देत आला होता. ही पोरं तर जन्मातली पहिली खोली बांधत होती. तिला बरकत नको? बॅटऱ्यांना बरकतीचं काय करायचं, हा विचार त्याला शिवला नाही.

रविवारी सकाळी बाजाराला जातो असं घरी सांगून तो शाळेत शिरला. मागच्या खुंट्यांवरचे खिळे त्यानं एक बोट डावीकडे आणि एक बोट उजवीकडे सरकवले. हात जोडले आणि मग खरोखरच बाजारात जाऊन वांगी घेऊन आला.

सोमवारी मुलांनी पुन्हा मापं घेतली. कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत दोन्ही कर्ण मोजले. दोन्ही बाजूंना सारखंच सरकवलेलं, त्यामुळे कर्ण एकमेकांशी तंतोतंत जुळले. मुलं खूश झाली. फक्त संघमित्रा म्हणाली, "सर, कागदावरच्यापेक्षा दोन्ही अर्धा इंच जास्त आहेत."

सुलक्षणाच्या हातात प्रात्यक्षिकाची वही होती. तिच्यात चार रकाने होते: ठरलेलं माप, आलेलं माप, फरक, फरकाचं कारण. तिनं पेन्सिल चौथ्या रकान्यावर टेकवली आणि आबांकडे पाहिलं.

"टेपचं टोक वाकलं असेल," पितांबर म्हणाला.

तिनं तेच लिहिलं. आबांनी मापाबद्दल सांगितलं म्हटल्यावर तिला दुसरं काही सुचणं शक्यच नव्हतं. पाया खोदायचा होता, पितांबरनं घाईनं कुदळ उचलली.

पुढे भिंती सरळ चढल्या. मुलांची पहिली भिंत त्यानं दोनदा पाडायला लावली आणि तिसऱ्यांदा सुलक्षणानं रचलेल्या थरावर ओळंबा सोडला तर तो विटेला चिकटून उभा राहिला. तिच्याकडे न बघता तो म्हणाला, "चालेल." घरी जाऊन मात्र प्रमिलाबाईला, म्हणजे बायकोला, तो थर त्यानं जेवण होईपर्यंत वर्णन करून सांगितला. पत्रे चढले, वायरिंग झालं, आणि जळगावचे परीक्षक येणार त्याच्या आदल्या दुपारी फरशी बसवायला घेतली.

फरशी फूटभराची होती. दारातल्या ओळीत आठ फरश्या नेमक्या बसल्या. मधल्या ओळींत कडेला रेघ दिसायला लागली. मागच्या भिंतीपाशी पोहोचले तेव्हा दोन्ही बाजूंना बोटबोटभर फट होती. मुलं आधी फरश्यांना नावं ठेवू लागली. मग इंजिनिअरिंगवाल्यांनी बांधकामवाल्यांना धरलं, आणि बांधकामवाले एका सुरात म्हणाले की नकाशाच चुकलाय.

सारिका मॅडमनी नकाशा हातात घेतला. "कर्ण तर जुळले होते, म्हणजे आखणी बरोबरच होती," त्या नाइलाजानं म्हणाल्या. "संघमित्रा, आकडा टाकताना काही राहिलं का बघ. राहिलं असेल तर नकाशाचे गुण जातील, बाई."

संघमित्रानं कागद पुन्हा पाहिला. डोळे भरले तरी ती एवढंच म्हणाली, "मॅडम, माझी मापं बरोबर आहेत." कुणी ऐकलं नाही. सुलक्षणानं वही उघडली, अर्ध्या इंचावर बोट ठेवलं आणि शाळेच्या व्हरांड्यात खडूनं पूर्ण मापाची खोली काढली. मागच्या दोन टोकांना एकेक बोट वाढवलं. कर्ण मोजला. तो नेमका अर्धा इंच जास्त भरला. गायमुखी म्हणजे काय हे मिस्तरीच्या मुलीला सांगायला लागत नाही. तिनं मान वर केली, आबांकडे पाहिलं आणि वही मिटली.

पितांबरला ते मिटणं सोसवेना. मुलगी त्याला झाकत होती, आणि तिकडे दुसऱ्याची मुलगी न केलेल्या चुकीसाठी रडत होती. समोर तीस-चाळीस पोरं 'सर, सर' करत उभी. त्याला फार लाज वाटली. त्यानं सुलक्षणाच्या हातातली वही घेतली, टेपच्या टोकाची ओळ खोडली आणि चौथीतल्या अक्षरात सावकाश लिहिलं: खिळे मी सरकवले. पितांबर मिस्तरी.

"नकाशा बरोबर आहे," तो म्हणाला. "संघमित्रा, तुझी माफी मागतो. मुलांची पहिली खोली, म्हणून मागं दोन बोटं दिली. तुम्हाला न विचारता दिली, ते चुकलं."

मॅडम आधी संतापल्या, मग हसू आवरेना म्हणून खिडकीकडे वळल्या. संघमित्रानं नाक पुसलं आणि विचारलं, "सर, नक्की किती सरकवले ते सांगा. भिंत हलत नाही, पण नकाशा आत्ता बदलता येईल." दहा मिनिटांत झाल्या खोलीचा खरा नकाशा तिनं छापून आणला. बांधकामवाले संध्याकाळपर्यंत कडेच्या फटींसाठी फरशीच्या चिपा कापत बसले. पितांबरही त्यांच्यात बसला आणि त्याला कुणी उठायला सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी जळगावच्या परीक्षकांनी वही वाचली, चौथा रकाना दोनदा वाचला. न सांगता माप बदललं म्हणून त्यांनी बांधकामवाल्यांचे दोन गुण कापले आणि संघमित्राला नकाशाचे पैकीच्या पैकी दिले. जाताना पितांबरला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "मिस्तरी, आमच्या फ्लॅटच्या बरकतीचं काही होईल का हो?"

संध्याकाळी पितांबर घरी आला तर सुलक्षणा टेप घेऊन घराची मधली खोली मोजत होती. ही खोली त्यानं ती जन्मली त्या वर्षी, एक डोळा तिच्या पाळण्यावर ठेवून बांधली होती.

"आबा, या खोलीमा तीन बोट शेतस," ती म्हणाली.

"दोनच शेतस."

"मोजीसन देखा."

त्यानं मोजलं. तीनच होती. मिस्तरीनं पुन्हा मोजलं, टेपचं टोक तपासलं, आणि भिंतीला पाठ लावून खाली बसला. सुलक्षणानं वहीच्या शेवटच्या पानावर चार रकाने आखले. ठरलेलं माप दोन बोटं, आलेलं माप तीन बोटं, फरक एक बोट. मग पेन्सिल त्याच्यापुढे धरली.

"कारण तुम्हीच लिखा. आते टेपवर ढकलू नका."

पितांबरनं पेन्सिल घेतली. आतून प्रमिलाबाई जेवायला हाक मारत होती. त्यानं दोन हाका जाऊ दिल्या आणि चौथ्या रकान्यात लिहिलं: सुलक्षणा.