मानाचा गोल

आमचे ड्रिल मास्तर आप्पाराव निजाम सरकारच्या फौजेत बिगुल वाजवून परतले होते. लढाई त्यांनी पाहिली नव्हती आणि फुटबॉल तर बापजन्मात पाहिला नव्हता. पण आमच्या जहागीरदारांना सिकंदराबादच्या गोऱ्यांचा खेळ आपल्या शाळेत हवा होता, आणि अख्ख्या गावात खाकी कोट एकट्या आप्पारावांकडे होता. झालं, आप्पाराव वस्ताद झाले.

चेंडू आला त्या दिवशी त्यांनी त्याला हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला आणि खेळाचा कायदा सांगितला. पोळ्याला वेशीतून आधी मानाची जोडी जाते, मग बाकीचे बैल. इथेही तसंच. गोल मारण्याचा मान बंकटचा, कारण तो देशमुखांचा. बाकीच्यांनी चेंडू गोलापर्यंत न्यायचा, बंकटच्या पायाशी ठेवायचा आणि बाजूला व्हायचं.

"आन् बंकट मागं राहिला तर?" मी विचारलं.

"तर थांबायचं, रामकिसन. पोळ्याला मानाची जोडी यायच्या आधी तू तुझे बैल वेशीत घालतो का बे?"

बंकट कायम मागेच राहायचा. तुपावर पोसलेला गडी. अर्ध्या मैदानात आला की कमरेवर हात ठेवून धापा टाकायचा. पळायचं काम सुग्रीवचं. हा हरिबा धनगराचा मुलगा. चुकार मेंढरांमागे माळ पालथा घातलेले त्याचे पाय, त्याला दम म्हणून लागत नसे. उर्दूचा धडासुद्धा तो पळता पळता पाठ करायचा.

औरंगाबादच्या एका बोर्डिंगात हंगाम संपला की बाहेरगावचा एक चांगला खेळाडू शिकायला ठेवून घेत. हरिबाने पोराला बजावलं होतं, "तितं घेतलं तर शीक. न्हाई तर काठी घे आन् मेंढरामागं चल." सुग्रीवला शिकायचं होतं. त्याचं सगळं त्या एका जागेवर अडकलं होतं, आणि ती जागा अडकली होती आप्पारावांच्या अकलेवर.

हंगाम काय वर्णावा! गेवराईच्या संघातही एक मानकरी निघाला. पहिली लाथ त्याची की बंकटची, यावर दोन्ही गावची वडीलधारी माणसं दिवस मावळेपर्यंत भांडली. चेंडू मधोमध तसाच पडून राहिला आणि गेवराईकर रुसून परत गेले. पुढच्या सामन्यात सुग्रीवने चेंडू नेऊन नेऊन बंकटच्या पायाशी ठेवला. बंकटने एकदाच जोर लावला, तेव्हा त्याचा जोडा गोलात गेला आणि चेंडू जागेवर राहिला. मास्तरांनी त्यालाही टाळ्या वाजवायला लावल्या. तिसरा संघ प्लेगच्या भीतीने आलाच नाही. अशा पराक्रमावर आम्ही औरंगाबादच्या शेवटच्या सामन्याला पोचलो.

त्या सामन्यात खेळ संपत आला असताना सुग्रीव चेंडू घेऊन एकटाच पुढे निसटला. समोरच्या संघाचा गोलकीपर पुढे धावून आला, त्यालाही त्याने चकवलं. समोर गोल मोकळा. बंकट पार मागे, कमरेवर हात ठेवून.

"थांब बे! मान!" मास्तर कडेवरून ओरडले.

सुग्रीव खरंच थांबला. त्याने एकदा मागे बंकटकडे पाहिलं. मग दात ओठ खाऊन चेंडू सरळ मधोमध हाणला. हंगामातला आमचा पहिला आणि एकुलता एक गोल! मी तर नाचलोच. मास्तर मात्र पंचाकडे धावले आणि हात जोडून म्हणाले, "साहेब, हा गोल कापा. रीत मोडली." पंचाने त्यांच्या तोंडाचा वास घेतला आणि त्यांना हाकलून दिलं. आम्ही जिंकलो.

बोर्डिंगचे हेडमास्तर बक्षिसाच्या वेळी बग्गीतून उतरले. खेळ त्यांनी पाहिलाच नव्हता. "गोल कौन मारा?" त्यांनी विचारलं.

मास्तरांनी बंकटला पुढे ढकललं. "हेनी, हुजूर. बंकटराव देशमुख."

"सुग्रीवनं मारला!" मी ओरडलो. मास्तरांनी माझ्या कानाखाली आवाज काढला.

"मी मारला, हुजूर," सुग्रीव म्हणाला.

हेडमास्तरांनी बंकटकडे पाहिलं. बंकटच्या तोंडावर लाजेचा मागमूस नव्हता. "गोल माझाच हाय, हुजूर. पाय तेवढा त्येचा व्हता."

हेडमास्तर पोट धरून हसले. नवाबांबरोबर शिकारीला जाणारा माणूस तो. गोळी कोणाची आणि वाघ कोणाचा, हे त्याला कोणी समजावायची गरज नव्हती. त्यांनी बंकटच्या खांद्यावर हात ठेवला. असल्या माणसांना विद्वान म्हणायची तेव्हा पद्धत होती.

मैदानाबाहेर हरिबा घोंगडं पांघरून उभा होता. "मास्तर, घेतलं का पोराला?"

"आपल्या गावचा पोरगा घेतला, हरिबा! घे, पेढा खा."

हरिबाने पेढा तोंडात टाकला. मग त्याने सुग्रीवचं तोंड पाहिलं. हातातली काठी त्याने पोराकडे दिली.

पुढच्या हंगामात आमचा एकही गोल झाला नाही. "बंकटराव गेले आन् गोल गेले," असं मास्तर गावभर सांगत फिरले. मैदानाला लागूनच माळ होता आणि तिथे सुग्रीव मेंढरं चारायचा. आमचा चेंडू भरकटून तिकडे गेला की तो तिथूनच लाथ मारायचा आणि चेंडू सरळ येऊन गोलात पडायचा.

"ए धनगरा!" मास्तर खेकसायचे. "लाथ कावून मारतो बे? हातानं आणून दे!"