लिनवलने उपटलेला नर

जमैकातल्या रिओ ग्रँड नदीच्या वरच्या खोऱ्यात नर ओळखावा तर लिनवलनेच, असं लोक म्हणायचे, आणि सगळ्यांत आधी ते लिनवलच म्हणायचा. गांजाच्या रोपाला नराची कळी धरते तेव्हा ती मोहरीएवढीही नसते. बाकीचे भिंग घेऊन बसायचे. हा चालता चालता वाकायचा, रोप मुळासकट उपटायचा आणि मागे भिरकावून द्यायचा. नर राहिला की त्याचा पराग उडतो, माद्यांना बिया धरतात आणि माल मातीमोल होतो. म्हणून नर दिसला की उपटायचा, हे इथे कुणाला सांगावं लागत नाही.

मिस आयोनीच्या शेतावर सावड होती, त्या ऑक्टोबरातली ही गोष्ट. आज हिच्याकडे सगळ्यांनी राबायचं, उद्या त्याच्याकडे, आणि ज्याचं शेत त्याने जेवू घालायचं. मिस आयोनी एकाहत्तर वर्षांची, एके काळची शाळामास्तरीण, परवाना काढून गांजा लावणारी खोऱ्यातली पहिली बाई. सात वर्षं तिने एकच ध्यास घेतला होता. डोंगरातला जुना, सडपातळ वाण पावसात कुजत नाही, पण तयार व्हायला आठ महिने घेतो. बाहेरून आलेला बुटका वाण तीन महिन्यांत येतो, पण त्याचा फुलोरा मुठीसारखा घट्ट. आत पाणी शिरलं की चार दिवसांत राखाडी बुरशी. जमैकाच्या ह्या कोपऱ्यात पाऊस तर असा, की छत्री वाळवायलाही सवड मिळत नाही.

तिने दोन्ही वाणांचा संकर केला, संकराचा पुन्हा संकर केला, आणि दर वर्षी रोपं मुद्दाम ओढ्याकाठच्या सगळ्यांत ओल्या जागी लावून मरू दिली. जे जगेल त्याचंच बी पुढे. लोक हसायचे. लिनवलही हसायचा, पण मनातून त्याला बाईचं भारी कौतुक होतं. स्वतःचं पीक मरताना शांतपणे बघत उभं राहणारं दुसरं माणूस त्याने पाहिलं नव्हतं.

त्या दिवशी त्याला वरचा वाफा नेमून दिला होता. तो त्याने दहाच्या आत उरकला. जेवणाला अवकाश होता आणि हात शिवशिवत होते, म्हणून तो आपणहून ओढ्याकडे उतरला. तिथे केळीआड एकच रोप उभं होतं, आणि तेही नर! लिनवलने ते उपटलं, खांद्यावर टाकलं आणि गाणं म्हणत वर आला.

"मिस आयोनी, तुमचा डोळा चुकला बघा! हा दांडगोबा केळीआड लपून बसला होता. मी नसतो तर सगळं शेत बाटवलं असतं त्याने."

मिस आयोनी विस्तवावर नीरफणस भाजत होती. तिने हातातला चिमटा खाली ठेवला.

"तो लपला नव्हता, लिन. मी लपवला होता, कळ्या उमलायच्या आत हलवणार होते. खुणेची पाटी लावली की चोराला पत्ता मिळतो, म्हणून पाटी नाही लावली. त्याचे एकोणीस भाऊ बुरशीने गेले. तीन आठवड्यांच्या पावसात हा एकटा उभा राहिला. माद्या आहेत माझ्याकडे. नर हा एवढाच."

"शाब्बास रे पठ्ठ्या!" शेजारची वाश्ती ओरडली. "जावईच उपटलास की! आता ह्या पोरी काय डोंगराच्या गळ्यात बांधायच्या?"

सगळे हसले. मिस आयोनी हसली नाही आणि रागावलीही नाही, आणि तेच लिनवलला सोसवेना. तिने शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. तिने रोप हातात घेतलं, अगदी नाकाशी आणलं आणि बोटांच्या टोकांनी कळ्या चाचपल्या.

"अजून बंद आहेत. फांद्या पाण्यात ठेवल्या तर चार दिवसांत उमलतील. पण परागाला कोरडी हवा लागते, आणि ह्या खोऱ्यात कोरडं आहे काय? माझ्या घरात तर मिठालाही पाणी सुटतं."

"माझ्याकडे आहे," लिनवल म्हणाला. "पर्लीनची भट्टी."

पर्लीन त्याची बायको. गावाचा पाव तीच भाजायची, आणि भट्टीमागची पिठाची खोली इतकी कोरडी की ओठ फुटायचे. लिनवलने तिथे पेल्यात फांद्या ठेवल्या, खाली तपकिरी कागद अंथरला, खिडकी लावली आणि स्टुलावर ठाण मांडलं. शिंक आली तर सगळंच उडून जायचं, म्हणून नाकाला फडकं बांधलं.

"लग्नात पाद्री बोलत होता तेव्हा घोरत होतास," पर्लीन दारातून म्हणाली. "आणि ह्या काटक्यांपुढे तोंड बांधून बसलायस?"

"हळू बोल. वारा लागतो त्यांना."

"म्हणजे आता नवऱ्याशी श्वास रोखून बोलायचं!" पण जाताना दार तिने बोटाच्या टोकाने लोटलं.

चार दिवस त्याने डोळ्यात तेल घालून त्या फांद्या राखल्या. चौथ्या सकाळी कागदावर पिवळी भुकटी पडली होती, जेमतेम चिमूटभर. पर्लीनने बिस्किटांच्या डब्यात भाजलेले तांदूळ घालून दिले, त्यांवर पुडी ठेवली. अर्ध्या चढावर पाऊस आला. लिनवलने अंगातला शर्ट काढून डब्याला गुंडाळला आणि तो उघडाच वर पोचला.

मिस आयोनीने एका मादीची एकच फांदी धरली आणि ब्रश त्याच्या हातात दिला. "तूच लाव. माझा हात थरथरतो."

तिचा हात काही थरथरत नव्हता. पण विचारायची त्याची हिंमत झाली नाही.

त्या फांदीला बत्तीस बिया धरल्या. पुढच्या वर्षी त्या ओढ्याकाठी रुजल्या. नर ओळखू आले तेव्हा लिनवलने एकही उपटला नाही. सातही मातीसकट उचलून केळीआड नेऊन लावले. मग पाऊस लागला तो तीन आठवडे हटला नाही.

पुन्हा सावडीचा दिवस आला. "आधी त्या लिनवलचे हात बांधा रे!" वाश्ती ओरडली. त्याने ते आधीच खिशात घातले होते.

मिस आयोनी त्याच्या खांद्यावर हात ठेवून ओढ्याकडे उतरली. माद्या नऊ आठवड्यांत भरल्या होत्या. फुलोरे सैल, लांब, लोंबते. पाणी वरून आत शिरत होतं आणि खालून ठिबकून जात होतं. लिनवलने एक अलगद उलगडून पाहिला. बुरशीचा ठिपका नाही. दुसरा पाहिला, दहावा पाहिला. बोटांना संत्र्याच्या सालीचा वास लागला.

"जिंकलात, मिस आयोनी," तो म्हणाला.

"नर हवा अजून. त्यांतले किती धडधाकट आहेत?"

"दोन."

"कुठला ठेवायचा?"

"ते तुम्ही सांगायचं."

"मला दोन दिसत नाहीत, लिन. मला नुसतं हिरवं दिसतं. मागच्या वर्षी तू तो घेऊन आलास तेव्हाच डोळे गेल्यात जमा होते. तो गेला असता तर पुन्हा निवडणार कोण? आता तूच निवड. ह्या खोऱ्यात नर तुझ्याइतका कुणाला कळतो?"

ह्यात टोमणा असेल म्हणून तो थांबला. टोमणा नव्हता.

तो दोन्ही रोपांपुढे उकिडवा बसला. खोड चाचपलं, पानांच्या पाठी पाहिल्या, बंद कळ्यांच्या फटीत फुंकर घातली, वास घेतला. वरून जेवणाची हाक आली. मग वाश्तीची आली, शिवीसकट. मिस आयोनी केळीच्या पानाखाली पाऊस चुकवत उभी होती.

"ठरलं का?"

"आज नाही सांगत," लिनवल म्हणाला. "आठवडाभर अजून पाऊस पडू दे."