सरसाने चिकटवलेला दिवस

१७ जून १९९६. ढगाळ हवा, वारा गार. बंगळूरच्या शिक्षक-प्रशिक्षण वर्गात त्या दिवशी माझा जन्म झाला. मी चित्रफळा बोलतोय.

आनेकलजवळच्या सरकारी शाळेतल्या महानंदाबाईंनी पुठ्ठ्यावर निळं फ्लॅनेलचं कापड ताणून मला बनवलं. चित्रांच्या पाठीला काचकागद लावला. त्यामुळे ती माझ्यावर टिकतात आणि ओढली की सुटतात. प्रार्थना, पाढे, डबा, खेळ, घर. एक काम संपलं की मुलाने त्याचं चित्र काढून पिशवीत टाकायचं. आता पुढे काय, ते त्याला दिसतं. माझं शहाणपण एवढंच.

मी रक्षितासाठी होतो. सात वर्षांची, ऑटिझम असलेली. बोलत नसे. एक तास संपून दुसरा लागला की किंचाळत दाराकडे धावे. मुख्याध्यापक शिवाप्पा सरांनी तिच्या आईला, तुंगाबाईंना, बजावलं होतं, "दसऱ्यापर्यंत वर्गात नीट बसली तर सरी, ठीक आहे. नाहीतर घरी ठेवा."

रक्षिता बसू लागली. 'डबा' काढताना तर हसायची.

"अक्का, घरीपण असला फळा करून द्या की," तुंगाबाई बाईंना म्हणाल्या. "हिच्या बाबांचं चित्र लावते. ते केव्हा येणार, मलाच कळत नाही!"

सप्टेंबरात बाई प्रशिक्षणाच्या दुसऱ्या वर्गाला गेल्या. तेवढ्यात तालुक्याचं शैक्षणिक साहित्य प्रदर्शन ठरलं. शिवाप्पा सरांनी माझी चित्रं सरसाने पक्की चिकटवली, वर प्लॅस्टिक ताणलं आणि मला स्वतःच्या खुर्चीमागे टांगलं. माणसं वस्तू फार जपतात. फक्त वापरू देत नाहीत.

रक्षिता मला शोधत आली. खुर्चीवर चढून तिने 'डबा' ओढला. सुटेना. प्लॅस्टिकवर नखं घासली, मग स्वतःचं मनगट चावलं. मी काय करणार? सरांनी तुंगाबाईंना बोलावून तिला घरी पाठवलं.

बाई परतल्या.

"सर, चित्रं सुटायला हवीत."

"सुटली की हरवतात, टीचर. किती छान दिसतोय बघा!"

"हरवली तर नवी काढीन. पण मुलगी घरी बसली ना!"

"स्वल्प थांबा. आधी प्रदर्शन होऊ दे."

बाईंनी दुसरा फळा केला आणि रक्षिताच्या घरी नेला. तुंगाबाईंनी दारातच हात जोडले. "नको, अक्का. दप्तर दिसलं तरी ती कॉटखाली लपते."

हे बाईंनी सरांना सांगितलं, तेव्हा मी भिंतीवरून ऐकलं. मला खाली काढा हो. मला बोटांचे डाग पडू द्या.

८ ऑक्टोबर १९९६. स्वच्छ ऊन. प्रदर्शनात मला पहिला क्रमांक मिळाला. त्याच दिवशी रक्षिताचं नाव पटावरून कमी झालं.