दुकानाची प्रत

संगणकाच्या पुढच्या बाजूला तांदळाच्या दाण्याएवढा एक दिवा होता. आतली चकती काही लिहीत असली की तो लुकलुकायचा. आज सकाळपासून तो लुकलुकत होता, पण एका लयीत नव्हे. काही वेळा घाईघाईनं, मग थबकून, मग पुन्हा. ती त्याच्याकडे एकटक बघत बसली होती. दिवा थांबला म्हणजे काम अडलं, आणि काम आधी दोनदा अडलं होतं.

काम होतं वडिलांच्या ऑनलाइन दुकानाची प्रत घरातल्या संगणकावर उतरवण्याचं. दुकान जुन्या घरगुती यंत्रांच्या सुट्या भागांचं. मिक्सरचं तुटलेलं बटण, शिलाई मशीनचा पट्टा, कंपनी स्वतःच विसरून गेलेल्या कुकरची रबरी रिंग. बाबा फिटर होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी हे भाग जमवले, तिनं फोटो काढून दुकान उभं केलं. आई गेल्यावर तर दुकान हीच बाबांची माणसांत ऊठबस झाली. गिऱ्हाइकं ऑर्डरीसोबत चार ओळी लिहायची, "आजीचं मशीन पुन्हा चालू झालं हो," आणि बाबा त्या तिला मोठ्यानं वाचून दाखवायचे.

आतली सगळी सूत्रं मात्र तिच्याच हातात होती. आणि दूरच्या शहरातल्या एका प्रयोगशाळेनं तिला नोकरीवर बोलावलं होतं. तिथल्या प्रमुख बाईंना ती दर वेळी "घरी बोलून कळवते" म्हणायची आणि घरी मूग गिळून बसायची. तिचा बेत असा, की प्रत घ्यायची, तिच्यावर खटपट करून दुकान इतकं सोपं करायचं, की बाबांना ते एकट्यानं चालवता यावं. मग सांगायचं. म्हणजे थोडक्यात, सांगणं आपलं आणखी पुढं.

डेटाबेसची फाइल अवाढव्य होती. वस्तूंचा तपशील त्यात थोडाच. बाकी सगळी कोण आलं, काय बघितलं, टोपलीत काय टाकून निघून गेलं याची वर्षानुवर्षांची नोंद. नेहमीच्या वाटेनं चढवली तर "फाइल फार मोठी आहे" म्हणून परत आली. दुसऱ्यांदा फाइलनं अर्ध्या वाटेत मान टाकली. शेवटी तिनं काळ्या खिडकीत आज्ञा लिहून फाइल थेट आत सोडली. येऊन गेलेल्यांच्या नोंदी वगळता आल्या असत्या, शहाणी माणसं वगळतातच. तिला ते जिवावर आलं.

"अजून गिळतोय का?" बाबांनी दारातून विचारलं.

"गिळतोय."

"संगणक आहे की अजगर! शास्त्रज्ञबाई, आमचं दुकान याच्या पोटात राहिलं तर बाहेर कोण काढणार?"

"ही नक्कल आहे, बाबा. खरं दुकान आहे तिथंच आहे."

"मग हरकत नाही. गिळू दे बापड्याला," म्हणत ते चष्मा पुसत आत गेले.

दुपारी सगळं आत गेलं. एक अडचण उरली. प्रतीत जागोजागी दुकानाचा इंटरनेटवरचा खरा पत्ता लिहिलेला होता, त्यामुळे कुठंही दाबलं की खरं दुकानच उघडायचं. तो बदलत बसण्यापेक्षा तिनं संगणकालाच बजावून ठेवलं, की हा पत्ता कुणी विचारला तर बाहेर जाऊ नकोस, घरातली प्रत दाखव. संध्याकाळी हे काढून टाकू, असं ती स्वतःशी म्हणाली. तेवढ्यात ऑफिसातून फोन आला, आणि मग आठवडा कुठं गेला ते तिला कळलंच नाही.

बाबा त्याच संगणकावर दुकान बघतात हे तिला ठाऊक नव्हतं असं नाही. ते तिच्या डोक्यातून साफ निसटलं.

त्या आठवड्यात बाबा गप्प गप्प होते. जेवताना वाचून दाखवणं बंद. "काय म्हणतंय गिऱ्हाईक?" तिनं एकदा विचारलंही. "चाललंय," ते म्हणाले, आणि पाणी प्यायले. तिला वाटलं, दमले असतील.

शनिवारी दुपारी ती घरी येत होती, तर फाटकाशी कुरियरवाला भेटला.

"ताई, काका आमच्यावर रागावलेत का? आठवडाभर एक पार्सल नाही. दुसऱ्या कुणाला धरलं असेल तर तसं सांगा."

"नाही हो. तुम्हाला सोडून कुणाला धरणार?"

"मग तब्येत तर बरी आहे ना?"

तिनं जिन्यातच उभं राहून मोबाइलवर दुकान उघडलं. ऑर्डरींची रांग लागली होती. एका बाईंनी पट्ट्याची चौकशी केली होती, मग पुन्हा केली होती, आणि शेवटी पट्ट्याचं नाव न काढता नुसतंच लिहिलं होतं, "काका, बरे आहात ना?"

तिला सगळा उलगडा झाला. बाबा आठवडाभर नकलेसमोर बसून होते. तिथं बाहेरून कुणी येणं शक्यच नव्हतं.

ती वर आली तेव्हा बाबा संगणकापुढेच होते. पान पुन्हा पुन्हा ताजं करत होते.

"बस जरा," ते मागं न बघता म्हणाले. "एक माणूस फिरकलं नाही गं. आधी वाटलं, सुट्ट्या असतील. मग वाटलं, आपलंच काही चुकलं. लोक नवी यंत्रं घेतात आता, बटण कोण बदलतंय? गिऱ्हाईक उठलं की दुकानदारानंही उठावं. बंद करू या. तुझ्याही डोक्याचा ताप जाईल."

सुंठीवाचून खोकला जात होता. तिनं फक्त मान हलवायची होती. दुकान नाही म्हणजे तिची गरज नाही, आणि गरज नाही म्हणजे जायला परवानगीही मागायला नको. बाबांनी वळून तिच्याकडे बघितलं. दाढी केलेली नव्हती.

तिनं मोबाइल त्यांच्या हातात दिला. "हे खरं दुकान. तुमच्यापुढं आहे ती माझी नक्कल. मी पत्ता वळवला आणि परत सरळ करायला विसरले."

बाबांनी मोबाइल दूर धरून वाचायला सुरुवात केली. त्या बाईंच्या ओळीशी ते बराच वेळ थांबले. मग एकदम हसले, खोकला लागेपर्यंत.

"अगं बये! मी इकडं धडधाकट दुकानाला मूठमाती द्यायला निघालो होतो! काढ ते सुट्या भागांचे खोके. आधी या बाईंना लिही, म्हातारा ठणठणीत आहे म्हणावं." ते टेबलाखालचे खोके ओढू लागले. "तू आहेस म्हणून निभावतं बघ. तू नसतीस तर मी जन्मभर या नकलेपुढं बसलो असतो."

तिनं त्यांच्या हातातला खोका घेतला आणि खाली ठेवला.

"बाबा, मी नसणार आहे. मला दूर नोकरी मिळालीय, आणि मी जाणार आहे."