उजवा पट्टा

मेलेला माणूस उठतो तेव्हा आधी मारतो. रडणं, नातेवाइकांच्या गळ्यात पडणं वगैरे सगळं नंतर. मरताना जे अर्धवट राहिलं ते तो आधी पुरं करतो. म्हणून तर आमच्या उठवणघरात दगडी ओट्याला चामड्याचे पट्टे आहेत आणि ते आवळायला मी आहे. सोन्याच्या लोभाने गुहेत शिरणारे वीर हे आमचं नेहमीचं गिऱ्हाईक. राक्षस त्यांना चेचतो आणि सोबती पोत्यात घालून आणतात. असाच एक वीर उठता उठता माझे पुढचे दोन दात पाडून गेला. त्याला वाटलं मीच राक्षस. त्याचं फारसं चुकलं नाही, असं आमचा म्हातारा मांत्रिक आजही म्हणतो.

रीत सोपी आहे. मांत्रिक दिवा लावतो, छातीवर हात ठेवून मंत्र म्हणतो, आणि नवरा, बायको नाहीतर रक्ताच्या नात्यातलं कुणीतरी मेलेल्याच्या कानात हाक मारतं. त्याची मर्जी असेल तर तो येतो आणि जखमा भरून येतात. दिवा विझेपर्यंत आला नाही तर कायमचा गेला. यावर कायदा असा की जो परत आला त्याचा खून झालाच नाही. कायदा करणाऱ्याला बहीण नसावी. मला आहे.

चिमी माझी धाकटी. सैनिकांच्या चिलखताखाली घालायचे जाड डगले शिवते. तिचा नवरा वेशीवर शिपाई. त्याने तिला पहिल्यांदा आणलं तेव्हा सांगितलं, जिन्यावरून पडली. गळ्यावर बोटांचे वळ होते. जिन्याला बोटं असतात हे मला त्या दिवशी कळलं. दुसऱ्यांदा कवटी फुटली होती आणि दोष दाराच्या चौकटीचा होता. दोन्ही वेळा त्याने गळा काढून हाक मारली आणि दोन्ही वेळा ती आली, तोंडासमोर दोन्ही तळवे धरून. दुसऱ्या वेळी तर उठून बसली आणि त्याला म्हणाली, जेवलात का.

मी तिला हाताला धरून चौकीवर नेलं. तिथला अंमलदार तिच्याकडे बघून हसला. मुडदा बरोबर चालत आलाय आणि तुम्ही खुनाची तक्रार करताय, असं म्हणाला. माझ्या घरी राहा म्हणून मी चिमीच्या विनवण्या केल्या, शेवटी शिव्याही दिल्या. आता ते सुधारलेत, असं म्हणत ती त्याच्याच मागून गेली. इतका राग आला होता मला की घरी जाऊन मी भिंतीवर डोकं आपटून घेतलं.

तिसऱ्यांदा आणलं ते भर दुपारी. खांद्यावरून पोतं टाकावं तशी त्याने तिला ओट्यावर टाकली. पोट तलवारीने या टोकापासून त्या टोकापर्यंत फाडलेलं होतं, आतलं बाहेर येऊ नये म्हणून चादर गुंडाळली होती आणि चादर ठिबकत होती. दरोडेखोर आले, तो म्हणाला. त्याच्या स्वतःच्या दंडावर ताजी जखम होती, बाही रक्ताने चिकटलेली. मांत्रिकाने मला पाणी दिलं आणि बाहेर बसायला सांगितलं. मी म्हटलं, तिच्या पट्ट्यांना दुसऱ्या कुणाचा हात लागायचा नाही.

पट्टे आवळण्याआधी मुठी तपासायच्या असतात. हातात हत्यार राहिलं तर उठणारा कुणालाही भोसकतो. चिमीची डावी मूठ रिकामी होती. उजवीत तिची कापड बेतायची कात्री होती. टोकाला रक्त होतं आणि बोटं अशी आवळली होती की एकेक करून उलगडावी लागली. या वेळी माझ्या बहिणीने तळवे धरले नव्हते. तिचा एक वार त्याच्या दंडाला घासून गेला होता आणि दुसरा हातातच राहिला होता. मी कात्री काढून तबकात ठेवली, पट्टे आवळले आणि मला रडू फुटलं.

मांत्रिकाने दिवा लावला आणि नवऱ्याने हाक मारली. आधी लाडाने, मग दटावून, मग पुन्हा लाडाने. चिमी हलली नाही. तेल उतरत चाललं तसा तो घामाघूम झाला. ती आली नाही तर तो फासावर जाणार होता, आणि हे त्याला माझ्याइतकंच पक्कं ठाऊक होतं. वर्षानुवर्षं मला नुसतं ‘ए’ म्हणणारा माणूस माझे हात धरून ताई ताई करू लागला. तुमचं ती ऐकेल, तुम्ही हाक मारा, म्हणाला.

खरं सांगते, गप्प बसावं असं मनात आलं. लटकू दे मेल्याला. पण मग चिमीही गेली ती गेलीच. आणि बोलावून घ्यावी तर पुन्हा याच्याच घरात, चौथ्यांदा इथे यायला. मला बहीण हवी होती आणि तो नको होता. दोन्ही एकदम कसं मिळणार, या विचाराने डोकं फुटायची वेळ आली.

मी तबकाकडे गेले. त्याच्याकडे पाठ करून ओट्यावर वाकले, पट्टे पुन्हा नीट करते असं दाखवत कात्री तिच्या मुठीत दिली, बोटं एकेक करून मिटली आणि उजव्या मनगटाचा पट्टा सोडला. मांत्रिक समोरच उभा होता. त्याने माझ्या हातांकडे पाहिलं आणि मग वात सारखी करायला वळला.

“भावोजी, जवळ या,” मी म्हटलं. “तिला तुमचं तोंड दिसू दे.”

तो अगदी वाकून उभा राहिला. मी चिमीच्या कानाला तोंड लावलं.

“चिमे, ऊठ. उजवा हात मोकळा आहे.”

ते शब्द त्यानेही ऐकले. पण समजायला त्याला वेळ लागला आणि चिमीला नाही लागला. तिने डोळे उघडण्याआधी हात उचलला. कात्री त्याच्या हनुवटीखाली घुसली आणि मुठीपर्यंत आत गेली. तिने ती ओढून काढली आणि पुन्हा मारली, गळ्यात, मग गालात, मग जिथे लागेल तिथे. तो माझ्या अंगावर कोसळला, गरम रक्त माझ्या तोंडात गेलं. जमिनीवर तो टाचा घासत राहिला, तोंडातून बुडबुडे येत होते, आणि मी त्याला मदत केली नाही. टाचा थांबल्या तेव्हा चिमीच्या पोटाची जखम भरून आली होती. ती उरलेल्या पट्ट्यांत धापा टाकत होती.

उठणाऱ्याच्या वाराला गुन्हा धरत नाहीत. ओट्याजवळ उभं राहणाऱ्याने आपला जीव आपण सांभाळावा, असा नियम आहे. पट्टा फार जुना झाला होता, मांत्रिक खिडकीकडे बघत म्हणाला. पण दुसराही नियम आहे. या छताखाली मेला त्याला एकदा तरी हाक मिळालीच पाहिजे, मग तो कुणीही असो. आम्ही त्याला शेजारच्या ओट्यावर घेतलं, मी पट्टे आवळले, चारही, आणि मांत्रिकाने नवा दिवा लावला. त्याला नात्याचं एकच माणूस होतं.

मी चिमीकडे पाहिलं. दोनदा मरून दोन्ही वेळा त्याच्याच मागून गेलेली बाई ही. तिने मनापासून हाक मारली असती तर तो आला असता, आणि मग तिने त्याला जेवलात का विचारलं असतं. हाक नको मारूस, असं मी म्हणणार होते. मांत्रिकाने मला हातानेच गप्प केलं.

मी पट्टे सोडले तशी चिमी उतरली. कात्री अजून हातात होती. ती त्याच्या कानाशी वाकली आणि नेहमीच्याच मऊ आवाजात बोलली.

“अहो, या. तुम्ही परत आलात म्हणजे खून झालाच नाही. मग उद्या पुन्हा मारीन. परवाही मारीन. या.”

आम्ही वाट पाहिली. मांत्रिकाने वात दोनदा वर केली, घाई केली असं कुणी म्हणू नये म्हणून. चिमी त्याच्या उशाशी बसून राहिली, डोळे त्याच्या तोंडावर. तेल संपलं आणि दिवा आपला आपण विझला. तो आला नाही.